खुणेवरचा नळ

मुलीने नळाखालच्या पत्र्याच्या झाकणाला नुसतं बोट लावलं, तर थेंबेसरांनी तिचा हात झटकून टाकला.

"हात लावायचा नाही. कुणीच लावायचा नाही."

मुलगी म्हणावी इतकी काही ती लहान नव्हती. स्वतःची प्रयोगशाळा चालवत होती, हाताखाली चारपाच जण होते, आणि आज विद्यापीठाच्या चौकशी समितीवर म्हणून आली होती. पण थेंबेसरांना साठीच्या आतलं कुणीही मूलच वाटायचं, आणि मूल दिसलं की ते रागवायचे. तिने हात मागे घेतला आणि पिशवीतून लॅपटॉप काढला. समितीचे अध्यक्ष तोवर खोलीत बसायला काही मिळतंय का ते बघत होते. ते थेंबेसरांच्याच विभागात, त्यांच्याच शेजारच्या खोलीत नोकरी काढलेले. दोघांचं एका दिवसापुरतंही पटलं नव्हतं. अशा माणसाला या चौकशीवर नेमणाऱ्याला एकतर काहीच ठाऊक नसावं, नाहीतर सगळं ठाऊक असावं.

थेंबेसरांची बायको दारात उभी राहून बघत होती. जन्मभर दवाखान्यात नर्स, म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. मुलीचा हात झटकला गेला तेव्हा त्यांना मनातून बरं वाटलं. म्हणजे हा माणूस बाहेरच्यांशीही असाच वागतो, आपल्याशीच नाही.

थेंबेसर हे काही खरं आडनाव नव्हे. विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, पण इतकं चिकटलं की पोस्टमनही त्याच नावाने हाक मारायचा. याच मागच्या खोलीत, याच बेसिनवर, एका गळक्या नळाचे थेंब ऐकून त्यांनी नाव काढलं होतं. तेव्हा ते नवखे व्याख्याते होते. गणिताच्या माणसाला प्रयोगशाळा कशाला, असं म्हणून विभागाने हात वर केले, तसं त्यांनी घरातल्याच नळाला कामाला लावलं. माळ्यावर टाकी. टाकीतली पातळी हलू नये म्हणून तरंगता गोळा. नळाखाली बिस्किटांच्या डब्याचं झाकण, झाकणाखाली मायक्रोफोन, आणि त्याला जोडलेली एक लेखणी. थेंब पडला की सरकत्या कागदी पट्टीवर एक टिंब उमटायचं. पुढचा थेंब कधी पडेल? नळ जरा जास्त सैल असला, तर ते कुणाच्या बापाला सांगता येत नाही. पाण्याचा नियम साधा, शाळेतल्या पोराला कळेल असा. पण सुरुवातीला केसभर फरक पडला की पुढचं सगळंच बदलून जातं. या केसभर फरकावर थेंबेसरांनी जन्मभर भाषणं दिली.

नाव मात्र झालं ते त्या बेभरवशामुळे नाही, उसंतीमुळे. वेडेवाकडे पडणारे थेंब मध्येच, कुणी काही केलेलं नसताना, एका चालीत पडू लागायचे. काही तास शहाण्यासारखे पडायचे आणि पुन्हा मूळपदावर यायचे. गोंधळ आपणहून शांत होतो, यावर आधी कुणाचा विश्वास बसेना. थेंबेसरांनी त्याचं समीकरण मांडलं, सिद्ध केलं, आणि त्या शांत पट्ट्याला 'उसंत' असं नाव दिलं. परक्या भाषांतल्या पुस्तकांतही पुढे ते तसंच छापलं गेलं. बक्षिसं आली, बोलावणी आली, विमानप्रवास आले. सिस्टरांच्या वाट्याला विमानतळावर घेतलेली एक लोकरीची टोपी आली, तीही मापाची नव्हती.

आणि आता, निवृत्त होऊन जमाना झाल्यावर, या मुलीने आपल्या प्रयोगशाळेत काचेचा, महागामोलाचा, यंत्राने सांभाळलेला नळ महिनोन् महिने गळता ठेवला होता. उसंत एकदाही आली नव्हती. तिने थेंबेसरांच्या जुन्या पट्ट्या मागवल्या, बघितल्या, आणि विद्यापीठाला कळवलं.

"याला तासभर ऐकू द्या," लॅपटॉप मायक्रोफोनला जोडून ती म्हणाली. "तोवर बाहेर बसून बोलू."

"तासाभरात येईल असं मी म्हटलेलं नाही," थेंबेसर म्हणाले.

"दोन वर्षांत आली नाही सर. तासाचं काय घेऊन बसलात?"

बाहेरच्या खोलीत अध्यक्षांनी न विचारता थेंबेसरांची खुर्ची घेतली. थेंबेसर उभेच राहिले. सिस्टर चहा टाकायला आत गेल्या, पण स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये दार नव्हतं, नुसता पडदा होता.

"नळाला काही खूण होती?" मुलीने विचारलं.

"होती. अजून आहे. दांड्यावर एक लाल रेघ, नळाच्या अंगावर एक. दोन्ही समोरासमोर असल्या म्हणजे नळ जागच्या जागी. रोज कॉलेजला जाताना बघायचो, आल्यावर बघायचो. एक दिवस हललेली नव्हती."

ती लाल रेघ सिस्टरांच्या नेलपॉलिशची होती. पहिल्या पगारातून घेतलेली बाटली. नवऱ्याने न विचारता उचलली, झाकण सैल ठेवलं, आठवड्याभरात वाळून दगड झाली. तेवढ्यावरून त्या काळी चार दिवस अबोला झाला होता.

"मग हे कसं?" मुलीने पट्ट्या टेबलावर अंथरल्या. "वेळा तुमच्याच हातच्या आहेत. उसंत सुरू होते ती नेहमी सकाळी, तुम्ही घराबाहेर पडल्यावर. संपते ती दुपार कलली की. रात्री कधीच नाही."

"दिवस चढला की पाणी तापतं. तापलेलं पाणी पातळ वाहतं. लिहिलंय मी ते."

"आणि सुट्टीच्या दिवशी पाणी तापत नाही का? सुट्टीच्या दिवशी एकदाही उसंत नाही."

अध्यक्ष खोकल्यासारखं हसले.

"सुट्टीला मी घरात असायचो. माणूस चालला की जमीन हलते. तेवढं पुरतं. तेही लिहिलंय."

"तेही लिहिलंय," अध्यक्ष म्हणाले. "यांनी सगळं लिहिलंय. सबबी तर फारच सुरेख लिहिल्यात."

"बरं, ही बघा." मुलीने एक लांबलचक पट्टी पुढे ओढली. "हा एक अख्खा उन्हाळा. यात उसंतच नाही. तुम्ही म्हणता, फार उष्णतेने ती नाहीशी होते. पण पुढच्या उन्हाळ्यात, तितक्याच उष्णतेत, ती रोज आहे. त्याच्या पुढच्याही."

सिस्टर चहाचे कप घेऊन पडद्याशी आल्या होत्या. टेबलावरची पट्टी त्यांना तिथून दिसत होती. कुठला उन्हाळा ते वर लिहिलेलं होतं.

त्या उन्हाळ्यात त्यांना मुलगी झाली होती. बाळंतपणाला त्या आईकडे गेल्या होत्या.

सिस्टर मागे फिरल्या, ट्रे ओट्यावर ठेवला आणि दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

त्यांची सगळी नोकरी रात्रपाळीत गेली होती. सकाळी दवाखान्यातून यायचं, दोन घास खायचे आणि पडायचं. पडायची खोली मागच्या खोलीला लागून, मध्ये फळ्यांची भिंत. भिंतीपलीकडे हा नळ. टप्प. मग टप्प टप्प. मग काहीच नाही. घड्याळाच्या टिकटिकीत माणसाला झोप लागते, पंख्याच्या घरघरीत लागते. पण हा थेंब वाट बघायला लावायचा. आता पडेल, आता पडेल म्हणत डोळे मिटून जागं राहायचं, आणि पडला की पुढच्याची वाट. नळ दिवसा बंद करा, असं त्यांनी सांगून बघितलं, रडून बघितलं, भांडी आपटून बघितलं. माझं काम आहे ते, असं उत्तर यायचं. आणि माझी झोप? झोप काय, माणसाला दगडावरही लागते.

एका सकाळी त्या तशाच उठल्या होत्या. नळ पुरता बंद केला असता तर पट्टीवर कोरी जागा राहिली असती आणि संध्याकाळी घर डोक्यावर घेतलं गेलं असतं. म्हणून त्यांनी तो फक्त आवळला. दवाखान्यात रोज रात्री सलाईनचं चाक फिरवून थेंब लावणारा हात तो. थेंबाला कुठे चाल लागते ते बोटांनाच कळायचं. थेंब पडतोय ना, मग झालं, असं म्हणून त्या जाऊन झोपल्या. उठल्यावर दांडा पुन्हा लाल खुणेवर. मग हे रोजचंच झालं. त्या टिंबांचं पुढे काय होतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नाही. एकदा एका सत्काराला गेल्या होत्या, तर मांडीवर मुलगी पेंगत होती आणि पडद्यावर सगळी ग्रीक अक्षरं.

म्हणजे पुस्तकापुस्तकांत छापलेली ती उसंत ही आपली झोप होती. आणि आपण मुलीला जन्म द्यायला गेलो, तेव्हा या माणसाने लिहिलं की उष्णता फार होती.

सिस्टरांना आधी हसूच फुटलं. तोंडावर पदर धरून हसता हसता त्यांना इतका संताप आला की ओट्यावरचं फडकं त्यांनी पिळून काढलं, ते कोरडं असूनही.

बाहेर अध्यक्षांचा आवाज चढला होता.

"स्पष्टच बोलतो. हे आकडे तुम्ही बसून बनवलेत. कॉलेजातून आल्यावर हवं तिथे टिंबं मारलीत, आणि सुट्टीच्या दिवशी घरात वर्दळ म्हणून मारली नाहीत. आम्ही तसं लिहिणार. पदक परत जाईल, पुस्तकांतून नाव जाईल."

"माझं गणित चुकलंय का? चुकलंय तर दाखवा!"

"गणिताबद्दल कोण बोलतंय? आम्ही नळाबद्दल बोलतोय."

"मी आयुष्यात एक टिंब खोटं काढलेलं नाही," थेंबेसर म्हणाले. आवाज मोठा होता, पण शेवटच्या शब्दाला चिरकला.

सिस्टरांनी पडद्याआडून हाक मारली. "अहो, जरा आत या."

ते आले. कपाळावर घाम होता.

"मला काहीतरी सांगायचंय. त्या नळाचं—"

"तुला नळातलं काय कळतं? चहा दे आणि गप आत बस."

"ऐकून तर घ्या."

"आज तरी मध्ये नाक खुपसू नकोस. कायम त्या नळाच्या मुळावर उठलेली तू. आज तुला आनंदच झाला असेल."

"झालाय," सिस्टर म्हणाल्या.

ते पडदा झटकून निघून गेले. सिस्टरांनी चहात साखर घातली आणि ढवळत राहिल्या. आपण बोललो, तर हा लबाड ठरत नाही, पण जिच्या जिवावर मिरवला ती उसंत जाते. नाही बोललो, तर तीही जाते आणि इभ्रतही जाते. जाऊ दे. दगडावर झोप लागते म्हणाला होता ना? आता झोप म्हणावं तूच त्या दगडावर.

सगळे पुन्हा मागच्या खोलीत गेले. सिस्टर ट्रे घेऊन त्यांच्या मागोमाग. खोली एवढीशी. लॅपटॉप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला, त्यामुळे तिघांनीही नळाकडे पाठ केली होती आणि पडद्यावर टिंबं कशी पडताहेत ते बघत होते. दर दोन थेंबांमध्ये जितका वेळ जाई, त्या मापाने एकेक टिंब उमटत होतं, आणि टिंबं सगळीकडे विखुरली होती. गणिताची माणसं ही. नळ हाताच्या अंतरावर गळत असताना त्याचं चित्र बघत उभी. दवाखान्यातही असे नातेवाईक असायचे, पेशंट पाणी मागतोय आणि यांची नजर यंत्रावरच्या रेघेवर.

"तास होऊन गेला," मुलगी म्हणाली.

"येईल. थांबा."

"सर, ती येत नाही."

"मी बघितलीय ती. वर्षानुवर्षं बघितलीय. संध्याकाळी घरी आलो की सगळ्यात आधी पट्टी उघडायचो, आणि ती असायची. तुम्हाला घाई आहे. तिला घाई चालत नाही." थेंबेसर पडद्याकडे वाकले होते. मानेच्या शिरा ताणलेल्या, ओठ हलत होते. नास्तिक माणूस, जन्मात कुठे हात जोडला नाही, आणि आता कुणालातरी विनवत असल्यासारखा दिसत होता.

याला खरंच वाटतं, हे सिस्टरांना त्या क्षणी कळलं. खोटं बोलत नाहीये हा. कधीच बोलला नाही. रोज संध्याकाळी घाईघाईने मागच्या खोलीत शिरायचा तो हे बघायला. बायको उठलीय की नाही, मुलगी जेवलीय की नाही हे न विचारता आपल्याच बायकोची झोप डोळे भरून बघायचा आणि सुखी व्हायचा. कीव आली म्हणावं तर तसं नव्हतं. राग होता तिथेच होता. पण त्या ताणलेल्या मानेकडे त्यांना बघवेना.

ट्रे ठेवायला जागा नव्हती. त्यांनी तो बेसिनच्या काठावर टेकवला, डाव्या हाताने धरला आणि उजव्या हाताने नळाचा दांडा धरला. बोटांना सगळं आठवत होतं. त्यांनी नळाकडे बघितलंही नाही.

टप्प. टप्प. टप्प.

पडद्यावर इकडे तिकडे पडणारी टिंबं एका जागी पडायला लागली. एकावर एक, एकावर एक.

"आली!" थेंबेसर ओरडले. "बघा! बघा आली! कुणी काही केलं नाही, काही नाही, आणि आली! लिहा आता! लिहा म्हणतो ना!"

त्यांनी अध्यक्षांचा दंड धरून हलवला. अध्यक्ष पडद्याच्या आणखी जवळ सरकले. मुलगी मात्र पडद्यावरून मान वळवून नळाकडे बघत होती. दांड्यावरची लाल रेघ अंगावरच्या रेघेपासून केसभर सरकली होती. सिस्टरांनी हात काढलेला नव्हता.

मग अध्यक्षांनी वळून बघितलं. थेंबेसरांनी सगळ्यांच्या शेवटी.

थेंब एका चालीत पडत राहिले.

"सिस्टर," मुलगी म्हणाली, "तुम्ही कामाला कधी जायचात?"

"रात्रपाळी होती."

"म्हणजे दिवसा झोपायचात."

"या भिंतीपलीकडे. झोपू द्यायचा नाही हा नळ. मग असा लावायचे आणि पडायचे."

"आणि उठल्यावर खुणेवर."

"खूण माझ्याच नेलपॉलिशची. चांगली दिसायची."

"आणि तो उन्हाळा?"

"बाळंतपण," सिस्टर म्हणाल्या. "मुलगी झाली."

मुलगी एकदम बेसिनला टेकली. तिच्या चेहऱ्यावरचा कडकपणा गेला आणि ती खरोखरच लहान दिसायला लागली. "म्हणजे आकडे खरे आहेत! सर, आकडे खरे आहेत तुमचे. एकही टिंब बनवलेलं नाही. मी तसं लिहिते. घरातल्या व्यक्तीने नळ हाताळला, संशोधकाला त्याची कल्पना नव्हती. आरोपच उरत नाही."

"उसंतही उरत नाही," अध्यक्ष म्हणाले. पण त्यांचा विरस झाला होता हे दिसत होतं.

थेंबेसर लाल रेघेकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा बघितलं.

"खोडा ते," ते म्हणाले.

"काय?"

"घरातली व्यक्ती. ते खोडा. माझ्या नळाला कुणी हात लावलेला नाही. आकडे मी बनवले."

"सर, आत्ता आमच्या डोळ्यांसमोर—"

"आत्ताचं सोडा. वय झालंय तिचं, कुठेही हात घालते. तेव्हाचं मी सांगतोय. मी बसून बनवले. हवं तिथे टिंबं मारली. हे म्हणतात तसंच. घ्या लिहून."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढायला वेळ लावला नाही. मुलगी नाही नाही म्हणत राहिली, मी यावर सही करणार नाही म्हणाली. कबुलीपुढे आपण काय करणार, असं अध्यक्षांनी तिला दोनदा समजावलं. जाताना ती सिस्टरांपाशी थांबली, काहीतरी बोलणार होती, पण थेंबेसर दार धरून उभे होते. त्यांनी दार लावून घेतलं.

चहाला कुणी शिवलंही नव्हतं. त्यावर साय धरली होती.

"मी होते," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या त्या सगळ्या पट्ट्यांत मी होते. एवढंसुद्धा कबूल करवत नाही तुम्हाला?"

थेंबेसर आपल्या खुर्चीत बसले. खुर्ची अजून अध्यक्षांच्या अंगाने ऊबदार असावी, कारण ते पुन्हा उठले.

"लबाड म्हणतील आता लोक," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणू देत. लबाडाला निदान डोकं असतं." ते खिडकीशी गेले. "बायकोने नळ आवळला आणि यांनी सिद्धांत मांडला. वर्गावर्गात हसले असते. मी मेल्यावरही हसले असते."

"म्हणून मला म्हातारचळ लागलाय म्हणालात?"

"तुला दारात गाठून विचारत बसले असते. रोज नवा माणूस. किती फिरवायचात, कसा फिरवायचात."

"मग सांगितलं असतं की मी. मला कुणी काही विचारलंय का कधी या घरात?"

थेंबेसरांनी खिडकीची कडी उगाच लावली आणि काढली.

"वाईट माणूस आहात तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की तोंडातून बाहेर आलं तेव्हा अगदी साधं वाटलं, दूध आणायचंय म्हणावं इतकं.

"हो," थेंबेसर म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले.

सिस्टरांनी कप विसळले, गॅस पुसला. मग त्यांना एकाएकी इतका शीण आला की भर दुपारी त्या जाऊन पडल्या. नोकरी संपल्यापासून दुपारची ही खोली त्यांनी सोडलीच होती. फळ्यांच्या भिंतीला तोच जुना रंग होता. पलीकडे थेंब एका चालीत पडत होते.

मग दांडा करकरला, आणि चाल मोडली.

खुणेवर आणला त्याने. सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. टप्प. काही नाही. टप्प टप्प. पुन्हा काही नाही. त्या वाट बघू लागल्या आणि वाट बघतोय हे लक्षात येताच त्यांचा जबडा आवळला. जाऊन तो नळ उपटून त्याच्या डोक्यात घालावा, असं त्यांना खरोखर वाटलं.

दांडा पुन्हा करकरला. थेंब थांबले. पार बंद. मग पुन्हा करकर, आणि आता पाणी भसाभसा गळायला लागलं. पुन्हा करकर. दोन थेंब जवळ जवळ, मग मोठी गॅप, मग तीन. प्रत्येक वेळी पलीकडे काही काळ शांत, कान देऊन ऐकत असल्यासारखं, आणि मग पुन्हा दांड्याचा आवाज. तो शोधत होता. ज्या गोष्टीवर त्याने जन्म काढला, ती कुठे असते हे त्याला सापडत नव्हतं.

सिस्टरांनी बराच वेळ सहन केलं. मग डोळे न उघडता त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या,

"आवळा अजून. केसभर."

दांडा करकरला.

"फार झालं. अर्धा सोडा."

टप्प. टप्प. टप्प. टप्प.

पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला. बसल्याचा आला. मग बऱ्याच वेळाने, फळ्यांच्या अगदी जवळून, त्यांनी विचारलं,

"लागायची का झोप?"

सिस्टर कुशीवर वळल्या.

"लागायची," त्या म्हणाल्या. "आता बोलू नका."